हँडल रुंद करताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण. बोलताना राहून गेलेली काही मापं लिहून काढताना घातली आहेत.)



‘माझा छंद’ या विषयावर मी बोलावं असं जेव्हा समितीने सुचवलं, तेव्हा आमची ही म्हणाली, “तुमचा छंद म्हणजे पार्किंगमध्ये पसारा करणे. त्यावर वीस मिनिटं काय बोलणार?” तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली. व्हाउचर, लेजर, बॅलन्सिंग, ऑडिट. हातात पेनापेक्षा जड वस्तू कधी आली नाही. निवृत्त झालो आणि पाना-पक्कड हातात आली, ती आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुद्धा सुटलेली नाही.

पण आज मी छंदाबद्दल सगळं सांगणार नाही. एकाच गोष्टीबद्दल सांगणार आहे, सायकलच्या हँडलबद्दल. ते रुंद कसं करायचं आणि कसं करायचं नाही. हा विषय निवडायला कारण आहे. मागच्या महिन्यात सी विंगच्या पार्किंगमध्ये दोन मुलं हँडलच्या टोकांवर पीव्हीसीचा पाइप चढवत होती. मी विचारलं, “काय रे, काय चाललंय?” तर म्हणाली, “आजोबा, हँडल रुंद करतोय. मस्त दिसतं.” मी तिथेच उभा राहिलो. मला बारा वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. तो दिवस या सोसायटीतल्या थोड्याच लोकांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मोठ्या मनाने तो कधी काढला नाही. आज मीच काढतो.

सुरुवातीपासून सांगतो.

निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, साखर वाढली आहे, व्यायाम करा. चालणं मला कंटाळवाणं वाटतं. मुलाची कॉलेजातली सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती, स्टीलची, सरळ हँडलची. ती साफसूफ केली, टायर-ट्यूब बदलले आणि रोज सकाळी दूध आणि भाजी आणायला लागलो. आपण पुण्यातले लोक. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणारे. कॉलेजात असताना याच शहरात तासावर भाड्याची सायकल घेऊन मी एका हाताने चालवत होतो. पण विशीतली सायकल वेगळी आणि साठीतली वेगळी, हे आठ दिवसांत कळलं.

साठीत आपण हळू चालवतो. आणि सायकलचा नियम उलटा आहे. ती वेगात असली की सहज सरळ जाते, हळू झाली की डगमगते. हळू चालवताना तोल राखायला हँडल सारखं डावीकडे-उजवीकडे जास्त फिरवावं लागतं. त्यात माझा डावा खांदा आखडलेला. मधुमेहात होतं तसं फ्रोझन शोल्डरचं दुखणं. खड्ड्यात पुढचं चाक गेलं की हँडलला हिसका बसायचा आणि खांद्यातून कळ यायची. हँडल मोजलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ५४ सेंटिमीटर. मला वाटलं, हे जरा रुंद असतं तर?

माझा विचार चुकीचा नव्हता. नव्वदच्या दशकात माउंटन बाइक नावाच्या सायकलींची हँडल साधारण ५५ ते ६० सेंटिमीटरची असायची. आज तशाच सायकलींना ७४ ते ८० सेंटिमीटरची हँडल येतात. का, ते बँकेच्या हिशोबाने सांगतो.

५४ सेंटिमीटरच्या हँडलचा मध्यापासून हात २७ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर वाढवलं तर एकूण ६६, आणि मध्यापासून हात ३३. खड्ड्यात चाक वळायला बघतं, ते थोपवायला आधी टोकाशी समजा दहा किलोचा जोर लागत होता. आता लागेल सव्वाआठ किलोच्या आसपास. म्हणजे जोरात जवळजवळ १८ टक्के सवलत. खांदा दुखणाऱ्या माणसाला ही सवलत फार मोठी.

पण सवलत कोणी फुकट देत नाही, हे बँकवाल्याला शिकवावं लागत नाही. तेवढंच वळण घ्यायला हात जास्त फिरवावा लागतो. पंधरा अंश वळवायचं तर आधी हात सात सेंटिमीटर सरकत होता, आता साडेआठच्या वर. हे परवडतं. दुसरी वसुली मात्र हँडलच्या पाइपकडून होते. टोकावर वीस किलोचा भार टाकला तर मध्यभागी, जिथे हँडल आवळलेलं असतं तिथे, आधी २० गुणिले २७ म्हणजे ५४० एवढा वाकवणारा जोर पडत होता. आता २० गुणिले ३३, म्हणजे ६६०. बावीस टक्के जास्त. आपल्या हाताला १८ टक्के सूट आणि पाइपवर २२ टक्के वाढीव बोजा. हा दुसरा आकडा मी त्या वेळी मांडलाच नाही. कर्ज घेणारा फक्त हप्ता किती ते बघतो, तसं माझं झालं.

मग मी काय केलं? फरशी पुसायच्या ब्रशचा जुना लाकडी दांडा घेतला. हँडलच्या पाइपाचं आतलं तोंड साधारण १९ मिलिमीटर होतं. दांडा चाकूने तासला, पॉलिश पेपर मारला आणि हातोडीने दोन्ही बाजूंनी आत ठोकला. आत गेला जेमतेम पाच सेंटिमीटर, बाहेर ठेवला सहा. त्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळून जाडी पाइपाएवढी केली आणि वरून मूठ चढवली. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी सायकल चालवली, आणि काय सांगू तुम्हाला! सायकल एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. खांद्यातली कळ कमी झाली. भाजीवाल्यापर्यंत सायकल सरळ रेषेत जायची.

जून महिना होता. पावसाळाभर मी ती चालवली आणि दांडा तसूभरही हलला नाही. मला माझ्या कारागिरीचा अभिमान वाटायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी थांबवून दाखवायचो. दाखवत नसतो तर पुढचं काही झालं नसतं.

बी विंगमधला एक मुलगा, तेव्हा नववीत होता, त्याने ते पाहिलं. “काका, मला पण करून द्या ना.” नाव सांगत नाही, आज तो इथे नाही, पण त्याची आई इथे बसली आहे. तिची परवानगी घेऊनच बोलतोय. श्रावणातल्या एका रविवारी मी त्याला दोन्ही बाजूंना दांडे ठोकून दिले. पंधरा मिनिटांचं काम. आई-वडिलांना विचारलं का? नाही. तो कशी सायकल चालवतो ते पाहिलं का? नाही. मी म्हातारा माणूस सीटवर बसून संथ चालवणारा, आणि तो चौदा वर्षांचा, पॅडलवर उभं राहून हँडल स्वतःकडे खेचत चढ चढणारा. एवढा साधा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

ऑक्टोबर आला. आपल्याकडचा ऑक्टोबर तुम्हाला माहीत आहे. पाऊस संपतो आणि कडक ऊन पडतं. घरातले दरवाजे पावसाळ्यात फुगून लागत नाहीत आणि ऑक्टोबरात आपोआप मोकळे होतात, हे आपण दर वर्षी बघतो. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. जो दांडा पावसाळाभर घट्ट बसला होता, तो माझ्या कारागिरीने नव्हे, पावसाने घट्ट बसला होता. ऊन पडलं आणि तो आतल्या आत सैल झाला. वरून मूठ आणि चिकटपट्टी, त्यामुळे दिसायचं काहीच नाही.

संध्याकाळी साडेपाचची वेळ. मी गॅलरीत चहा घेत बसलो होतो. तो मुलगा क्लासला निघाला. गेटच्या आत जो गतिरोधक आहे, त्यावर तो उभा राहिला आणि हँडल खेचलं. उजवा दांडा मुठीसकट त्याच्या हातात आला. चाक डावीकडे फिरलं. गेटचं एक दार बंद होतं, त्यावर तो आदळला आणि डाव्या हातावर पडला.

मी धावत खाली गेलो. तोपर्यंत वॉचमन मामांनी त्याला उचलून बाकावर बसवलं होतं. मनगट वाकडं दिसत होतं. आरडाओरडा, गर्दी, कोणी रिक्षा आणायला पळालं. तो दांडा जमिनीवर पडला होता. आणि मी, मित्रांनो, तो दांडा उचलला आणि पायजम्याच्या खिशात टाकला.

का टाकला? आज बारा वर्षांनी सुद्धा याचं चांगलंसं उत्तर माझ्याकडे नाही.

हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पोराने एवढंच सांगितलं, “तोल गेला.” माझं नाव त्याने घेतलं नाही.

त्याच रात्री समितीची तातडीची सभा झाली. मी तेव्हा खजिनदार होतो. चर्चा अशी झाली की, क्लासच्या वेळेला गेटची दोन्ही दारं उघडी ठेवायची असं ठरलेलं असताना एक दार बंद का होतं? वॉचमनचा निष्काळजीपणा. एजन्सीला पत्र द्यावं, माणूस बदलून मागावा. कोणाचा मामांवर राग होता असं नाही. मुलगा पडला, तेव्हा कोणाकडून तरी चूक झाली असणार, आणि चूक करणारा म्हणून समोर एकच माणूस दिसत होता. पत्र तिथेच लिहिलं गेलं. अध्यक्षांनी सही केली, सेक्रेटरींनी केली, कागद माझ्याकडे आला आणि मीही केली.

छत्तीस वर्षं मी सही करायच्या आधी कागद दोनदा वाचत आलो. कनिष्ठ कर्मचाऱ्यांना सांगत आलो, सही म्हणजे आपला शब्द. त्या रात्री मी खोट्या व्हाउचरवर सही केली.

रात्री झोप नाही. हिच्या लक्षात आलं. पहाटे मी तिला सगळं सांगितलं. तिने फार काही म्हटलं नाही. म्हणाली, “एजन्सीचा माणूस अकराला येतो. पत्र अजून ऑफिसात आहे.” एवढंच.

सात वाजता अध्यक्षांच्या दारावर गेलो आणि दांडा त्यांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं झालं सकाळी आलात.” पत्र फाडलं. तिथून मी मुलाच्या घरी गेलो. वडील दवाखान्यात होते, आई होती. सगळं सांगितलं. ती माउली शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “काका, हाड काय, जुळेल. पण तुम्ही रात्री का नाही सांगितलंत?” मला आजवर बऱ्याच ऑडिटरांनी प्रश्न विचारले आहेत. एवढा अवघड कोणी विचारला नाही.

मग खाली गेलो, मामांकडे. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, “साहेब, दांडका तुम्ही उचललेलं मी बघितलं होतं.” मी म्हटलं, “मग मामा, तुम्ही बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “माझं कोण ऐकणार होतं?”

मामा आजही आपल्या गेटवर आहेत, तुम्ही सगळे त्यांना ओळखता. पुढच्या सभेत मी सर्व हकीकत सांगितली. इतिवृत्तात नोंद आहे ती मात्र अशी की, ‘अपघात सायकलच्या तांत्रिक दोषामुळे झाला’. सेक्रेटरींनी माझी अब्रू राखायला तसं लिहिलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण सायकलमध्ये दोष नव्हता. दोष मी घातला होता. सोसायटीच्या पंचवीस वर्षांची स्मरणिका निघते आहे, तेव्हा ही नोंद तरी बरोबर असावी, म्हणून आज सांगितलं.

आता पुढचं. कारण नुसतं रडगाणं ऐकवायला मी उभा राहिलेलो नाही. हँडल रुंद करणं ही वाईट गोष्ट नाही. माझा खांदा त्यानेच सुधारला. ते नीट करावं लागतं. त्या घटनेनंतर सहा महिने मी हँडलला हात लावला नाही. मग पुन्हा केलं, या वेळी विचारून, मोजून. काय शिकलो ते सांगतो. ज्यांना करायचं आहे त्यांनी लिहून घ्या.

पहिली गोष्ट, हँडल कुठलं आहे ते बघा. आपली जुनी काळी सायकल असते, तिच्या हँडलची टोकं मागे आपल्याकडे वळलेली असतात. तिला टोकाशी जोड दिला तर हँडल रुंद होत नाही, मागे लांब होतं, आणि वळताना मांडीला किंवा गुडघ्याला लागतं. तिथे हा उद्योग करू नये. साधारण सरळ हँडल असेल तरच उपयोग.

दुसरी, धातू बघा. चुंबक लावा, चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमच्या हँडलला जोड देऊन जादा बोजा टाकू नका. स्टीलवर भार ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते वर्षानुवर्षं टिकतं. अॅल्युमिनियमचं तसं नाही, छोट्या छोट्या हिसक्यांचा थकवा त्यात साठत जातो आणि एक दिवस ते तुटतं. आणि महागड्या सायकलींचं कार्बनचं हँडल असेल तर त्याच्या आत काहीही ठोकायचं किंवा आवळायचं नाही. हँडल गंजलेलं असेल, पूर्वी वाकून सरळ केलेलं असेल, तरी नाही.

तिसरी, जोड कसा करायचा. मी लेथवाल्याकडे गेलो. त्याने स्टीलचा जाड पाइप घेऊन प्रत्येकी १८ सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे करून दिले. त्यातला १२ सेंटिमीटरचा भाग हँडलच्या आत बेताचा सरकेल एवढा बारीक केला, आणि ६ सेंटिमीटरचा भाग हँडलएवढाच जाड ठेवला. सरळ हँडलची मुठीपाशी बाहेरची जाडी बहुतेक वेळा २२.२ मिलिमीटर असते, म्हणजे पाऊण इंचाच्या वर एक दोरा. माझा नियम असा, जेवढं बाहेर त्याच्या दुप्पट आत. लाकडाच्या वेळी मी बरोबर उलटं केलं होतं, आत पाच आणि बाहेर सहा.

पाइपाच्या आत कधी कधी लांबीभर एक उंच रेघ असते, ती पट्टी वळवून वेल्डिंग केलेल्या पाइपाची शिवण. ती लागली तर जोड आत जात नाही. हातोडीने ठोकू नका, कानसीने जोडालाच तेवढी खाच घ्या.

चौथी, जोड आत धरून कसा ठेवायचा. नुसत्या घट्टपणावर विसंबायचं नाही. युक्ती मला जुन्या सायकलमध्येच सापडली. हँडलचा मधला उभा दांडा फ्रेममध्ये कसा घट्ट होतो? त्याच्या खाली एक शंकू असतो, वरून लांब बोल्ट आवळला की शंकू वर ओढला जातो आणि दांडा आतून फुगून बसतो. भिंतीतला रावळ प्लग जसा फुगतो तसा. लेथवाल्याने माझ्या जोडाच्या आतल्या टोकाला दोन उभ्या चिरा दिल्या, शंकू बसवला आणि बाहेरून लांब बोल्ट घातला. आवळला की आतलं टोक फुगून पाइपाला धरतं. हँडलला एकही भोक पाडावं लागलं नाही. आणि कोणी भोक पाडून खिळा घालायचं म्हणालाच, तर मधल्या आवळलेल्या भागाजवळ अजिबात नाही. वाकवणारा जोर तिथेच सगळ्यात जास्त असतो.

पाचवी, ब्रेक. हात बाहेर सरकले की ब्रेकच्या पट्ट्याही बाहेर सरकवायला हव्यात, नाहीतर ऐन वेळी बोटं पोचत नाहीत. मी त्या सहा सेंटिमीटर बाहेर घेतल्या, पण जुन्या मूळ पाइपावरच ठेवल्या, जोडावर नाही. मूठ अशी बसली की अर्धी जुन्या पाइपावर आणि अर्धी जोडावर. त्यानंतर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं. केबल ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागत असेल तर केबल लांब घ्यावी लागेल.

सहावी, टोकं बंद करा. उघडा पाइप म्हणजे पोकळ पाटणाचं पातं. पडलं की मांडीत, पोटात घुसतो. मूठ फाटली असेल तरी बदला. मुलांच्या सायकलींना हे फार महत्त्वाचं. आज घरी गेल्यावर आधी हे बघा. हँडल रुंद करायचं नसलं तरी बघा.

सातवी, फार हाव धरू नका. सगळे उभे राहा बघू. समोर भिंत आहे असं समजून दोन्ही तळवे खांद्यांच्या रेषेत टेका. आता तळवे बाहेर सरकवत न्या. छाती भिंतीकडे जाते की नाही? तसंच सायकलवर होतं. हँडल रुंद झालं की माणूस पुढे झुकतो, मग पाठ आणि मनगटं दुखतात. म्हणून रुंद हँडलच्या सायकलींना हँडल धरणारा पुढचा तुकडा आखूड असतो. बसा, धन्यवाद.

माझं ६६ सेंटिमीटरचं हँडल मलाच जास्त झालं. आपलं छोटं गेट आहे ७० सेंटिमीटरचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर उरतात. आठवडाभरात माझी बोटं चार वेळा सोलली. सायकल स्टँडमध्ये शेजारच्यांच्या स्कूटरचा आरसा पाडला, त्यावरून झालेली चर्चा वार्षिक सभेच्या इतिवृत्तात पान सोळावर आहे. शेवटी जोड दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापून ६२ वर आणला. ते माप माझ्या अंगाला बसलं. रुंद हँडलला भाजीची पिशवी मात्र कधीही टोकाला अडकवायची नाही. मागे कॅरिअर असतं ते कशासाठी?

आठवी, तपासणी. रस्त्यावर जायच्या आधी सायकल भिंतीला लावून प्रत्येक टोकावर अंगाचा भार टाका, खेचा, पिळा. मग कंपाउंडमध्ये चार फेऱ्या. मग रस्ता. आणि दर महिन्याला मूठ काढून सांधा बघा. मुठीखाली काय चाललंय ते दिसत नाही, हाच माझा मूळ घोटाळा होता.

आणि शेवटची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, मग इतका वेळ बोललात कशाला? आज माझ्या सायकलला घरगुती जोड नाही. ६२ हे माप पटल्यावर मी दुकानातून त्याच रुंदीचं अखंड हँडल आणलं आणि बसवलं. विकत घेताना मधला आवळायचा भाग जुळतो का ते बघावं लागतं. तो साधारण २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटरचा असतो, दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. घरगुती जोड कशासाठी, तर आपलं माप आपल्याला कळावं म्हणून. एकदा कळलं की अखंड पाइप केव्हाही बरा. माझे ते लेथवरचे जोड टेबलाच्या खणात आहेत. त्यांच्या शेजारी तो लाकडी दांडाही आहे. फेकला नाही.

बालमित्रांनो, आता तुमच्याकडे येतो. पीव्हीसीचा पाइप उन्हाने कडक होतो, ठिसूळ होतो आणि सांगून तुटत नाही. तुमच्या हँडलवरचे पाइप तुम्ही त्या दिवशी माझ्यासमोर काढलेत, त्याबद्दल शाबास. तुम्ही खटपट करता याचा मला आनंदच आहे. काही मोडतोड करायला लागल्याशिवाय काही समजत नाही. पण एक फरक लक्षात ठेवा. स्वतःच्या सायकलवर केलेला प्रयोग वेगळा आणि मित्राच्या सायकलवर केलेला वेगळा.

बँकेत आम्ही कर्जाला जामीनदार घ्यायचो. लोक हसत हसत सही करायचे, “अहो, नुसती सही तर करायची आहे.” मी त्यांना बसवून सांगायचो, भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोएवढीच. जितकं देणं त्याचं, तितकंच तुमचं. हे मी शेकडो लोकांना सांगितलं. आणि स्वतः एका नववीतल्या पोराला दोन दांडे ठोकून दिले, तेव्हा आपण जामीन राहतोय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्याला काही करून दिलं की आपण त्याला जामीन असतो. ते टिकलं तर नाव आपलं आणि मोडलं तर तेही आपलंच. आणि मोडल्यावर रात्र जाऊ द्यायची नाही, त्याच वेळी सांगायचं. कारण आपण गप्प बसलो की ते देणं दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडतं, आणि बहुतेक वेळा ज्याचं कोणी ऐकत नाही अशाच्या खात्यावर.

तो मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे. सायकल सोडून बुलेट चालवतो. दिवाळीत आला होता. मी म्हटलं, “मनगट कसं आहे?” म्हणाला, “पावसाळ्यात थोडं दुखतं काका.” आणि मग हसून म्हणाला, “पण ऑक्टोबरात बरं असतं.” ऑक्टोबराचं कारण मीच त्याला समजावून सांगितलं होतं. त्याने ते लक्षात ठेवलं.

असो. वेळ संपल्याची खूण सेक्रेटरी साहेब करत आहेत. एक निवेदन करून थांबतो. या रविवारपासून सकाळी आठ ते दहा मी सी विंगच्या पार्किंगमध्ये पाने, कानस, चुंबक आणि मोजपट्टी घेऊन बसणार आहे. सायकल कोणाचीही असो, ब्रेक, मुठी आणि हँडल फुकट तपासून मिळेल. मुलांनी आई-वडिलांपैकी एकाला बरोबर आणावं, ही अट आहे. पसारा दहा वाजता आवरला जाईल, असं मी आमच्या हिला सर्वांसमोर लिहून देतो. आणि पहिल्या रविवारी पहिली सायकल मामांची घेणार आहे. त्यांच्या सायकलचा पुढचा ब्रेक गेले दोन महिने लागत नाही, आणि ते कोणाला बोलले नाहीत.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.